वाहाकाचा प्लॅन, पण वाचतंय कोण!

…आणि वर आश्लेषा, माझी बायको, मलाच विचारते, "गुरू, तिकडे थंडी असेल का रे?" असेल का म्हणजे? पान सहा! पान सहावर अख्खा तक्ता आहे, सकाळी हवा कशी, दुपारी कशी, संध्याकाळी आईला शाल लागेल, नैनाला ती गुडघ्यावर फाटलेली, म्हणजे मुद्दाम फाटकीच विकत घेतलेली जीन्स चालणार नाही, आश्लेषा तू स्वेटर घे, मी जाकीट घेतोय… सगळं लिहिलंय त्यात! पण वाचतंय कोण!

तुम्हाला सांगतो, माणसानं काय वाट्टेल ते करावं, अमेरिकेत यावं, ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पांढरे करावेत, अ‍ॅशबर्नमध्ये डेटा सेंटरच्या शेजारी घर घेऊन त्याची घरघर ऐकत म्हातारं व्हावं, पण घरच्या माणसांसाठी ट्रिपचं प्लॅनिंग करू नये. चाळीस पानी पीडीएफ केली हो मी! रंगीत! अनुक्रमणिकेसकट! फॅमिली ग्रुपवर टाकली तर बायकोचा लगेच अंगठा. नुसता अंगठा! अहो, पीडीएफ डाउनलोड व्हायच्या आत अंगठा! लेकीनं, नैनानं, तेवढंही केलं नाही. म्हणते, "डॅड, कॅन यू जस्ट टेक्स्ट मी द मेन पॉइंट्स?" मेन पॉइंट्स! अगं, चाळीस पानं हेच मेन पॉइंट्स आहेत, मूळ तर याच्या दुप्पट होतं!

हां, कुठे निघालोय ते सांगायचं राहिलं. मेक्सिकोला. आता मेक्सिको म्हटलं की आमच्या इकडच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं… समुद्र, स्विमिंग पूल, मनगटाला पट्टा आणि सकाळपासून बुफे. आमचा यतीन, हर्नडनला असतो, नागपूरचा, जीव लावणारा माणूस आहे पण सल्ला देण्याचा आजार आहे त्याला, तो म्हणे, "यार गुरू, कॅनकूनला जा ना! ऑल-इन्क्लुझिव्ह! पट्टा बांधला की डोकंच लावायचं नाही!" अरे, डोकं लावायचं नाही तर ट्रिपला जायचं कशाला? घरी नाही का बसता येत डोकं न लावता? आम्ही चाललोय वाहाकाला. दक्षिण मेक्सिको. डोंगरातलं गाव आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मध्येच एक एक्स आहे, त्यामुळे यतीन अजून त्याला 'ओक्साका' म्हणतो, आणि मी उच्चार पहिल्याच पानावर देवनागरीत दिलाय. त्यालाही पाठवली होती पीडीएफ. पण वाचतंय कोण!

एक माणूस वाचायचा. एकच. माझे बाबा.

बाबा एस.टी.त होते, कराड स्टँडवर वाहतूक नियंत्रक. तो खिडकीत बसून माइकवर ओरडणारा माणूस नसतो का, "कराड-चिपळूण गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे," ते माझे बाबा. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या, स्वतः कुठे गेले नाहीत. रजा मिळाली की घरी बसून वेळापत्रक काढायचे! उटी, म्हैसूर, काशी… कुठून कुठली गाडी, कुठे बदलायची, कुठे थांबायचं, सगळं चोख. आई बिचारी पिशवी भरून तयार, आणि हे म्हणायचे, "यंदा नको, गर्दी आहे. पुढच्या वर्षी." पासपोर्ट काढला, अमेरिकेचा व्हिसा काढला, आणि इकडे यायचं काय? पुढच्या वर्षी! पण माझा प्रत्येक प्लॅन वाचायचे हो. यलोस्टोनचा, नायगाराचा, अगदी आम्ही इथून दीड तासावर सफरचंदं तोडायला गेलो त्याचासुद्धा! कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायचे, लाल पेन घेऊन बसायचे, आणि फोटो काढून मला परत पाठवायचे. समासात शेरे! "धबधबा ते मोटेल अंतर फार." "सूनबाई दमतील." आणि एक शेरा कायम, कुठलाही प्लॅन असो, दर पानावर: "मध्ये चहा कुठे?"

तर ते यंदा माघात गेले. झोपेत गेले. मी पोचलो, पण पोचलो म्हणजे… सगळं उरकल्यावर पोचलो. विमानाला काय सांगणार, थांब म्हणून?

मग उन्हाळ्यात आईला इकडे घेऊन आलो. आणि तुम्हाला सांगतो, आई आली खरी, पोळ्या करते, नैनाची वेणी घालायला बसते, विचारलं की उत्तर देते, जेव म्हटलं की जेवते. पण स्टँडवर एखादी गाडी उभी असते ना, इंजिन बंद, पाटी काढलेली, आत दिवा नाही, तशी. हसत नाही हो. माझी आई! जी बाबांच्या वेळापत्रकावर भाजीच्या पिशव्यांचे हिशेब करायची आणि वर म्हणायची, "बाहेरगावी नाही गेलं तरी कागद कामाला आला पाहिजे!" ती आई. दर महिन्याला बाबांच्या तिथीला मागच्या डेकवर पान ठेवायची आणि कावळ्याची वाट बघत दारात उभी राहायची. कावळे आहेत हो इथे, नाहीत असं नाही, डेटा सेंटरच्या कुंपणावर मीटिंगला आल्यासारखे ओळीनं बसलेले असतात, पण आमच्याकडे यायला तयार नाहीत! यायची ती खार. मग दुसरी खार. एकदा तर कॉलनीतली ती लठ्ठ बदकं आली आणि वरण-भातावर उभी राहिली. वर एचओएचं, म्हणजे आमच्या सोसायटीच्या कमिटीचं, ईमेल, कृपया वन्य प्राण्यांना अन्न घालू नये! आता त्यांना काय सांगू, हे प्राण्यांसाठी नाही, बाबांसाठी आहे, कुरिअरवाला येत नाहीये?

डिसेंबरात आई परत जाणार. त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये. आणि मला एवढंच पाहिजे होतं हो, जायच्या आधी एकदा हसू दे तिला. बास. एवढ्यासाठी ही ट्रिप, एवढ्यासाठी ती चाळीस पानं.

आता त्यात आली दिवाळी. वर्षाच्या आत सण नाही, म्हणजे घरी कंदील नाही, फराळ नाही. आणि आमची गल्ली? अ‍ॅशबर्नमधली आमची गल्ली म्हणजे एका टोकाला हैदराबाद, दुसऱ्या टोकाला पुणे! दसऱ्यापासूनच सगळ्यांची घरं लुकलुकायला लागतात. आई खिडकीशी जायची, बघायची आणि हळूच पडदा ओढायची. तो पडदा ओढायचा आवाज मला डेटा सेंटरच्या घरघरीपेक्षा मोठा वाटायचा, खरंच सांगतो.

मी ठरवलं. दिवाळीत आईला इथून हलवायचं. कुठे? तर जिथे एकही दिवा दिसणार नाही, एकही रांगोळी नाही, एकही झेंडू नाही, सणाचं नाव नाही अशा ठिकाणी. शांत. आणि तिचे गुडघे, तिचं शाकाहारी खाणं, हवा थंड नको, गरम नको… असं करत करत सापडलं वाहाका. आणि काय सांगू तुम्हाला! मी तर वाचता वाचता प्रेमातच पडलो! डोंगराचा माथा सपाट करून त्यावर बांधलेलं अख्खं जुनं शहर! घरं अशी की एक पिवळं, एक निळं, एक डाळिंबी, आणि कुणाचं एचओए आडवं येत नाही! एक गाव असं की घराघरात माग, आणि लाल रंग कशाचा, तर निवडुंगावरच्या किड्याचा, चिमटीत चिरडला की तळहात लालभडक! आणि ते मोले नावाचं कालवण, मिरच्या काळ्या होईपर्यंत भाजायच्या, तीळ, दालचिनी, लवंग, वर चॉकलेट, आणि पाट्यावर वाटायचं… पाटा, हो! खाली तीन पाय असलेला, पण पाटाच! मी म्हटलं, ही माणसं आपली आहेत. जरा लांब राहायला गेलीत एवढंच.

तारखाही जमल्या. आमच्या काउंटीत शाळेला दिवाळीची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार, मग इलेक्शनची सुट्टी. आणि महाराष्ट्र मंडळाची दिवाळी बुडणार नाही ना, असं विचारू नका, मंडळाची दिवाळी पंचांगावर नसते, शाळेचा हॉल मिळेल त्यावर असते, ती पुढे कधीतरी दोन-तीन आठवड्यांनी आहेच. ऑक्टोबरचा शेवट, नोव्हेंबरची सुरुवात. ठरलं!

आता इथे माझ्यासारख्या माणसाला शंका यायला नको होती का? बघावं तर हॉटेलं सगळी फुल्ल! दर तिप्पट! विमानात जागा नाही! मी काय म्हटलं? म्हटलं, वा, दर्जेदार जागा दिसतेय! शेवटी एका बाईंच्या घरातल्या खोल्या मिळाल्या. दोन्या एल्विरा. दोन्या म्हणजे आपल्याकडे कसं काकू म्हणतो, तसं. विधवा बाई, जुनं घर, मध्ये अंगण, लिंबाचं झाड. तिचं ईमेल आलं, चांगलं लांबलचक, मशीननं इंग्रजी केलेलं. मी म्हटलं जाहिरात असेल, वरवर नजर टाकली, एक ओळ दिसली, "कृपया तुमच्या कुटुंबातल्या माणसांचे फोटो पाठवा."

फोटो! अहो, आपल्या माणसाला कुणी फोटो मागितला की आपण काय करतो? पंचवीस वर्षं काय केलंय दुसरं? पासपोर्ट, व्हिसा, एक्स्टेन्शन, परत व्हिसा… मला तर झोपेतून उठवून कुणी फोटो मागितला तरी मी विचारेन, पांढरं बॅकग्राउंड ना? चष्मा काढून ना? कान दिसायला पाहिजेत ना? फोल्डरच तयार आहे माझ्याकडे! पाठवले. चौघांचे. चौकोनी, पांढऱ्या भिंतीपुढचे, चेहऱ्यावर काही भाव नसलेले. खाली नाव, जन्मतारीख. वर आपला शिष्टाचार, "आणखी काही कागदपत्रं लागल्यास कळवावे."

दोन दिवसांनी उत्तर आलं. आम्ही जेवायला बसलो होतो, नैनानं माझ्या फोनवर बघितलं आणि वाचायला लागली. आणि वाचता वाचता खुर्चीवरून खाली! हसून हसून! "डॅड! ओ माय गॉड, डॅड! व्हॉट डिड यू डू?"

काय लिहिलं होतं बाईंनी? "प्रिय सेन्योर गुरुदत्त. फोटो मिळाले. फार वाईट वाटलं. चौघांनाही मी माझ्या नवऱ्याच्या आणि आईच्या शेजारी मांडलंय. मेणबत्ती लावली. म्हातारीचा चेहरा किती सोशिक आहे. आणि ती लहान मुलगी… तिच्याकडे बघून मी सबंध दुपार रडले. सगळे एकदमच गेले का? देवाची करणी. फक्त एक विचारायचं होतं. मग एकतीस तारखेला राहायला नक्की कोण येणार आहे?"

हसा, हसा! आश्लेषाही हसली, घास अडकेपर्यंत हसली. मला मात्र काही कळेना. मग पहिलं ईमेल काढलं, आणि या वेळी वाचलं. सगळं लिहिलं होतं हो त्यात! तुम्ही मृतांच्या दिवसांत येताय, या दिवसांत आमची गेलेली माणसं घरी येतात, आम्ही टेबल मांडतो, फुलं, दिवे, त्यांच्या आवडीचं जेवण, तुमचंही कुणी गेलं असेल तर फोटो पाठवा, आम्ही छापून टेबलावर ठेवू, पाहुण्यांच्या माणसांनाही आमच्याकडे जागा असते. स्वच्छ लिहिलं होतं. पण वाचतंय कोण!

म्हणजे बघा माझी अक्कल! सण नसलेली जागा हुडकायला निघालो, आणि सबंध पृथ्वीवर मेलेल्यांचा सगळ्यात मोठा सण जिथे होतो, तिथे, त्याच दिवशी, मधोमध, नॉन-रिफंडेबल! एकही झेंडू नको म्हटलं होतं ना? गावाच्या गावं झेंडूनं भरलेली! स्मशानात दिवे, स्मशानात बँड, स्मशानात माणसं डबे घेऊन बसलेली! आणि मी कुणाला नेतोय? आईला! पहिल्या वर्षात! आश्लेषा माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, 'कॅन्सल कर, आत्ताच्या आत्ता.' मीही फोन हातात घेतला.

तेवढ्यात आई म्हणाली, "काय झालं गं हसायला?"

आता नैनाचं मराठी तुम्हाला माहिती नाही. ते मराठी धावत येतं आणि मध्येच इंग्रजीत पडतं. म्हणाली, "आजी, लाइक, तिकडे ना, ते डेड लोकांना घरी बोलवतात. एव्हरी इयर. आणि त्यांना फूड देतात, देअर फेवरेट फूड. आणि डॅडनी आपलेच फोटो पाठवले, सो शी थिंक्स आपण डेड आहोत!" मी डोळे मिटून घेतले. म्हटलं संपलं. आता आई उठणार, खोलीत जाणार, पडदा ओढणार.

आई ताटातल्या भाताकडे बघतेय. मग हळूच म्हणाली, "आवडीचं वाढतात?"

"हो आजी."

"आणि कावळा?"

"नो क्रो, आजी. फुलांचा रस्ता करतात, ऑरेंज फ्लॉवर्स, रस्त्यापासून घरापर्यंत, सो दे डोन्ट गेट लॉस्ट. ते स्वतः येतात. डायरेक्ट."

"डायरेक्ट?" आईनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाली, "म्हणजे विनाथांबा."

आणि हसली! अहो, हसली माझी आई! तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी काढत हसली! "विनाथांबा! जन्मभर दुसऱ्यांना सोडलं विनाथांब्यात, आता स्वतः बसतील!" आणि मी, चाळीस पानांचा लेखक, हातात फोन घेऊन लहान पोरासारखा रडलो, सांगायला कसली लाज. ज्या हसण्यासाठी एवढा अभ्यास केला, ते माझ्या चुकीनं जमलं, अभ्यासानं नाही.

बरं, इथे थांबेल ती आई कसली! गाडी एकदा सुरू झाली की ब्रेक लागतोय का? दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक, "गुरुदत्ता, बस इथे. त्या एल्विराबाईंना विचार, पान कधी मांडायचं." मी म्हटलं, आई, पहिल्या दिवशी आपण तो डोंगरावरचा… "डोंगर कुठे पळून जात नाही." मग विणकरांचं गाव… "बघू, वाटेत असलं तर." रद्द! पान बारा ते पान वीस एका वाक्यात रद्द! आणि ते ताटात भाजलेले नाकतोडे असतात ना तिकडे, मिरची-लिंबू लावलेले, त्याचा फोटो मी घाबरत घाबरत लपवत होतो, तर आईनं बघितलाच. "हे काय? सुकट?" नैना म्हणाली, "आजी, ग्रासहॉपर्स." आई म्हणाली, "मला नको. त्यांच्या पानात वाढा. ते स्टँडवर काहीही खायचे."

मग काय केलं असेल तिनं? चकलीची भाजणी भाजायला घेतली! घरभर वास! आश्लेषा माझी सरळ आहे हो, कासावीस होऊन म्हणाली, "आई, पण वर्षाच्या आत आपण तळण…" आई झाऱ्या हातात घेऊन म्हणाली, "आपल्यासाठी कुठे करतेय? सण आपल्याला नाही. त्यांना थोडाच बंद केलाय कुणी?" आता बोला! धर्मशास्त्रातला असला मार्ग काढायला काशीचे पंडित बसवले असते तरी सुचला नसता. आणि तळता तळता गुणगुणत होती. पडदा? तो पडदा तिनंच बाजूला सारला, म्हणाली, धूर कोंडतो.

एवढ्यावर भागलं असतं तर मी बोललोच नसतो. पण आमच्याकडे सण नाही म्हणून आजूबाजूची मंडळी फराळाचे डबे घेऊन येतात, तशी रीतच आहे, आणि आई प्रत्येकाला सांगत सुटली! "आम्ही ह्यांना भेटायला चाललोय." लोक माझ्याकडे बघतात, मी छताकडे बघतो. शेवटी यतीन आला. म्हटलं, आता हा कॅनकूनचं काढणार. ऐकलं त्यानं सगळं. मग पाकीट काढलं, आतून एक जुना फोटो काढला, कडा झिजलेल्या, नऊवारीतली म्हातारी, आणि म्हणाला, "यार गुरू… आजीचा नेशील का? ती गेली तेव्हा माझं व्हिसाचं स्टँपिंग अडकलं होतं. फोनवर बघितलं सगळं. नेट पण जात होतं मध्येमध्ये." एवढंच बोलला आणि चकली खायला लागला. बाबांसाठी ठेवलेल्यातली!

आणि मग जी रांग लागली! कोण आपल्या काकूंचा फोटो घेऊन येतंय, कोण मावशीचा, कोण वडिलांचा, दोन गल्ल्या पलीकडच्या तेलुगू बाईंनी भावाचा आणून दिला, बरोबर त्याच्या आवडीचं आंब्याचं लोणचं. त्या दिवशी मला कळलं हो, या सगळ्या लुकलुकणाऱ्या घरांमध्ये, प्रत्येक घरात, एक तरी माणूस असा आहे ज्याच्याकडे पोचायला यांना वेळेवर जमलं नाही. कंदिलाच्या मागे लपवलेला असतो, एवढंच. मी एल्विराबाईंना लिहिलं, बाई, आधी माफ करा, आम्ही चौघे जिवंत आहोत, आम्हाला टेबलावरून काढा. आणि दुसरं म्हणजे, आता येताना माझ्याबरोबर जरा जास्त माणसं आहेत, खोली नको, फक्त टेबलावर जागा पाहिजे. बाईचं उत्तर काय यावं? "जिवंत आहात हे ऐकून आनंद झाला. मुलीचा फोटो मी काढून माझ्या स्वयंपाकघरात लावलाय, राहू द्या. बाकी सगळ्यांना घेऊन या. टेबल मोठं आहे. नाही पुरलं तर शेजारणीचं आणू." अशा माणसांना काय म्हणावं सांगा! ना नातं, ना भाषा, ना गाव… शेजारणीचं टेबल आणू म्हणते!

आई म्हणाली, "बाई आपल्यातलीच आहे."

तर असं झालंय. बॅगेत माझे दोन शर्ट आणि बाकी सगळं वरच्या मंडळींचं. चकल्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, यतीनच्या आजीसाठी तर्री पोह्यांचा मसाला, एक बशी, हो, बशी, बाबा कपातून चहा प्यायचे नाहीत. माझ्या प्लॅनमधलं काय उरलं? विमानाच्या वेळा. त्याही एअरलाइननं बदलल्या.

काल मी पीडीएफची प्रिंट काढली. सवय, दुसरं काय. चाळीस पानं, स्टेपल मारली, टेबलावर ठेवली. आई आली, चष्मा लावला, पानं चाळली. माझा ऊर भरून आला! म्हटलं शेवटी कुणीतरी… "हे मला दे," म्हणाली.

"वाचणार आहेस?"

"छे! मला कुठे कळतंय. त्यांच्या फोटोपुढे ठेवायचेत."

"आई, तिथे आवडीचं ठेवतात."

"मग? चकली आवडायची त्यांना, पण चकली खाताना लक्ष कुठे असायचं? तुझ्या कागदांत. तुझा कागद आला की दोन दिवस माझ्याशी बोलायचे नाहीत." आणि बॅगेची चेन लावता लावता म्हणाली, "एक लाल पेन घे बरोबर. इथे हरवतात सगळी."

घ्या! म्हणजे अख्ख्या जगात माझ्या प्लॅनला वाचक मिळाला एक, तोही स्वर्गातून येणार, विनाथांबा, आणि येणार तो चुका काढायला! म्हटलं, या वेळी नाही सापडायची चूक. एकही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझीच पीडीएफ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला बसलो. हवा आहे, नकाशा आहे, उच्चार आहे, औषधं आहेत, दूतावासाचा नंबर आहे…

आणि तुम्हाला सांगतो, चाळीस पानांत चहा कुठेच नाही हो!